'रिपीट' म्हणजे नक्की कोणाचं? आणि पोरानं माफी मागायची का?

रातपाळी_कॅप्टन (गुरुवार, रात्री २.१०)

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदा. आत्ताच शटर ओढून खोलीवर आलोय, मोबाईलवर टाइप करतोय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी साताऱ्यात एका फॅमिली रेस्टॉरंट-परमिट रूमला कॅप्टन आहे. या लाइनीत २००३ पासून. चेंबूरला एका शेट्टींच्या हॉटेलात टेबल पुसायला लागलो, मग वेटर, आता खिशाला पेन लावून फिरतो. म्हणजे गिऱ्हाईक ही काय चीज आहे ते मला नवीन नाही. शुक-शुक करणारे बघितले, ग्लासावर चमचा वाजवणारे बघितले. कोंबडी अख्खी खाऊन शेवटच्या तुकड्याला "वास येतोय" म्हणणारे तर आठवड्याला एक ठरलेला. पण मंगळवारचं डोक्यातून जात नाहीये.

आमच्याकडे एक प्लॉटिंगवाले शेठ येतात. आठवड्यातून दोनदा, पाच-सहा जण बरोबर, बिल आठ-नऊ हजारांच्या खाली नाही. मालकांशी दोस्ती. कोपऱ्यातलं टेबल त्यांचंच, ते येणार नसले तरी आम्ही तिथं शेवटी माणूस बसवतो. मंगळवारी त्या टेबलाला नवीन पोरगं होतं. किनवटकडचं, १९ वर्षांचं, तीन महिने झालेत. कामाला चांगलं आहे. बोलायला कमी.

आता जे लाइनीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. टेबलावर सहा जण प्यायला बसलेत आणि कुणी हात वर करून "रिपीट" म्हणालं, तर अख्ख्या टेबलाचं रिपीट धरायचं, हे मीच पोरांना शिकवलंय. बहुतेक ठिकाणी हेच चालतं. शेठ म्हणाले "रिपीट". पोरगं सहा लार्ज पेग घेऊन आलं. शेठना फक्त स्वतःचा हवा होता. पण आणल्यावर कोणी काही बोललं नाही, सगळ्यांनी प्यायले. बिलाला बसल्यावर मोजामोज सुरू झाली.

सोड्याचा वाद आमच्याकडे होत नाही, कारण रिकाम्या बाटल्या टेबलाच्या पायाशीच ठेवतो, गिऱ्हाइकानं स्वतः मोजाव्यात. पेगचं तसं नाही. तो पोटात गेला की पुरावा गेला. शेठ म्हणाले पाच लार्ज जास्त लावलेत. पोरगं म्हणालं, "साहेब, तुम्ही रिपीट बोलला होता." बस, एवढंच. त्यात आवाज चढवलेला नाही, काही नाही. शेठनी मसाला पापडाची प्लेट भिंतीवर मारली आणि उठून त्याच्या कानाखाली वाजवली. शेजारच्या फॅमिली सेक्शनमधल्या बायका दाराशी येऊन बघायला लागल्या.

मी धावलो, हात जोडले, पाच लार्ज बिलातून काढले. सवयच झालीय हात जोडायची, आधी हात जोडले जातात आणि मग काय झालं ते कळतं. पोरगं मोरीत जाऊन उभं राहिलं, भांडी घासणाऱ्या मावशीच्या शेजारी.

दुसऱ्या दिवशी मालकांनी प्लेटचे १४० रुपये पोराच्या नावावर टाकले. पेगचे टाकले नाहीत, "ते मी सोसतो" म्हणाले. आणि वर सांगितलं की शनिवारी शेठच्या पुतण्याचा वाढदिवस आहे, वरचा हॉल बुक आहे, तीस माणसं. तेव्हा पोराला टेबलाशी घेऊन जा, पाया पडून माफी मागायला लाव, विषय संपव.

पोराला मी अजून सांगितलेलं नाही. मालक वाईट माणूस नाही हेही लिहून ठेवतो, लॉकडाऊनमध्ये आम्हाला सहा महिने अर्धा पगार घरी पोचवलाय.

तर विचारायचं हे की पोराला माफी मागायला लावू का? आणि नाही लावायची तर शनिवार कसा काढू?

---

गल्ल्यावरचा (गुरुवार, सकाळी ९.४०)

कॅप्टन, मी कोल्हापूरला गल्ल्यावर बसतो, म्हणजे तुमच्या मालकाच्या जागी. दोन शब्द त्याच्या बाजूनं ऐका, मग शिव्या घाला.

आठवड्याला अठरा हजारांचं टेबल म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. त्यात २०२५ च्या जूनमध्ये दारूवरचं शुल्क वाढलं आणि साधी इंग्लिश क्वार्टर दुकानातच २०५ च्या पुढं गेली. २०२३ च्या नोव्हेंबरात परमिट रूमचा व्हॅट ५ चा १० टक्के झाला तो वेगळाच. आम्ही २०२५ च्या १४ जुलैला बार बंद ठेवून बघितले, काय फरक पडला? गिऱ्हाईक दुकानातनं बाटली घेतंय, गाडीच्या डिकीवर ग्लास मांडतंय. उरलेल्या गिऱ्हाइकाला मालक जीव लावणारच.

पण १४० रुपये कापले हे चूक. प्लेट पोरानं फोडलेली नाही. माझ्याकडं असं झालं तर मी फुटलेलं सामान सरळ त्या टेबलाच्या बिलात "ब्रेकेज" म्हणून लावतो. दहातले आठ गप भरतात. पिऊन फोडलेलं दुसऱ्या दिवशी आठवतच नाही.

आमच्याकडं भांडण वेगळंच असतं. तांबडा-पांढरा. थाळीला रस्सा पाहिजे तेवढा, हे कोल्हापूरचं ब्रीद. त्यामुळं एक थाळी घ्यायची, चौघांनी बसायचं आणि "रस्सा आणा" सुरू. वेटर बादली घेऊन पळतोय. एकदा एकानं पांढऱ्याची वाटी पोराच्या अंगावर ओतली, म्हणे गार आहे. मी गल्ल्यावरनं उठलो आणि त्याला म्हणालो, "पावणं, पैसे राहू द्यात, पण परत येऊ नका." सात वर्षं झाली, आला नाही. ते गिऱ्हाईक दोनशे रुपयांचं होतं, हेही प्रामाणिकपणे सांगतो. अठरा हजारांचं असतं तर उठलो असतो का, माहीत नाही.

माफी मागायला लावू नका. पोराला शनिवारी सुट्टी द्या. टेबल तुम्ही घ्या.

---

स्पष्टवक्ता (गुरुवार, दुपारी १२.०५)

पाण्याच्या २० च्या बाटलीचे ६० घेता, वर सर्व्हिस चार्ज लावता, वर टिप पाहिजे. मग थोडं ऐकून घ्यायला काय होतं? गिऱ्हाईक चिडतं कशामुळे याचाही विचार करा की.

---

रातपाळी_कॅप्टन (गुरुवार, दुपारी ३.३०)

@स्पष्टवक्ता, दुपारी बार थंड असतो म्हणून सविस्तर लिहितो. आमच्याकडे पाणी छापील किमतीलाच आहे. पण जी हॉटेलं जास्त घेतात त्यांना तसं घेता येतं, हे सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१७ मध्येच सांगितलंय. बसायची जागा, एसी, वाढणारा माणूस हे सगळं त्यात धरलंय. पटो न पटो, कायदा हा आहे, आणि तो वेटरनं केलेला नाही.

सर्व्हिस चार्ज आमच्या बिलात कधी नव्हताच. तुमच्या बिलात आपोआप लावला असेल तर काढायला सांगा. जुलै २०२२ च्या केंद्राच्या सूचना होत्या, त्या मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं कायम केल्या. ऐकलं नाही तर १९१५ ला फोन लावा. मी स्वतः गिऱ्हाइकांना हा नंबर दिलाय. आमच्या बिलावर खाण्याला ५ टक्के जीएसटी लागतो आणि दारूला वेगळा व्हॅट. हे दोन कर बघून रोज एक तरी माणूस मला चोर म्हणतो. मी समजावून सांगतो. चोर म्हटल्याचा राग येत नाही, मोजून दाखवता येतं.

पण कानाखाली मारलेलं कुठल्या बिलातून वजा करायचं, ते तेवढं सांगा.

---

लीड्सकर (गुरुवार, रात्री ११.५०)

कॅप्टनकाका, मी मूळची नाशिकची, इथे इंग्लंडमध्ये शिकायला आलेय. आठवड्याला वीस तासच काम करायची परवानगी आहे, ते वीस तास एका पबमध्ये काढते. त्यामुळे तुमचं वाचून पोटात कालवलं.

इथेही चुटक्या वाजवतात हो. वीस पौंडांची नोट नाकासमोर हलवतात. माझं नाव तीन वेळा सांगितल्यावर "त्यापेक्षा सोपं काही नाही का" विचारतात. फरक एकाच ठिकाणी जाणवला. इथे दारू चढलेल्या माणसाला आणखी दारू विकणं हाच गुन्हा आहे, आणि तो विकणाऱ्यावर येतो, म्हणजे काउंटरवर उभ्या माझ्यावर. त्यामुळे नाही म्हणणं हा माझ्या कामाचाच भाग झाला. पहिल्या आठवड्यात एका धिप्पाड माणसाला नाही म्हणताना माझे पाय लटपटत होते. म्हातारी मॅनेजर मागे येऊन ग्लास पुसत उभी राहिली. एक शब्द बोलली नाही. तो माणूस तिच्याकडे बघायचा, ती माझ्याकडे बोट दाखवायची: हिला विचार. तो गेला. नंतर तिनं एक वही काढून दिली, त्यात कोणाला, किती वाजता, का नकार दिला ते लिहायचं. माझ्या अक्षरातली पहिली नोंद अजून फोटो काढून ठेवलीय.

अजून एक. कायद्यानं इथे अठरा वर्षांना दारू मिळते, पण पंचविशीच्या आतला वाटला तरी ओळखपत्र मागायचं अशी पद्धत आहे, आणि तशी पाटीच लावलेली असते. पाटी असली की भांडण पाटीशी होतं, माझ्याशी नाही.

काका, मला कळत नाही ते हे, की मालक त्या मुलाच्या मागे ग्लास पुसत का उभे राहू शकत नाहीत? आणि तुम्ही?

---

डबलबेल (शुक्रवार, सकाळी ७.१५)

मी एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो. सुट्ट्या पैशांवरून जेवढ्या शिव्या मी खाल्ल्यात तेवढं तिकीट फाडलं नसेल. एकदा फलटण गाडीत एकानं कॉलर धरली, साडेतीन रुपयांसाठी. अख्खी गाडी बघत होती. कोणी उठलं नाही. एक म्हातारी फक्त म्हणाली, "सोड रं त्याला, त्यालाबी लेकरं हायती."

आता खरं सांगतो, इथं मला कोणी ओळखत नाही. त्याच संध्याकाळी मुक्कामाला आम्ही जेवायला बसलो, मी आणि ड्रायव्हर. वेटरनं भाकरी गार आणली. मी त्याला असा काही बोललो की ड्रायव्हर ताटावरून उठून बाहेर गेला. आई-माईवरून. दिवसभराचं सगळं त्या पोराच्या डोक्यावर ओतलं, कारण त्याला उलट बोलता येत नव्हतं. भाकरी खरं तर तेवढी गारही नव्हती.

परत त्या हॉटेलात दोन-तीनदा गेलो, ते पोरगं दिसलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. दिसलं असतं तर काय बोललो असतो, तेही सांगता येत नाही.

तुमचे शेठ दिवसभर कोणाकडून काय खातात, बघा जरा. तलाठी, बँक, पार्टनर, कुठंतरी त्यांचीही कॉलर कोणी धरत असणार. हे मी त्यांची बाजू घेऊन सांगत नाही. पोराला सांगा की थप्पड त्याच्या नावाची नव्हती, एवढंच.

---

काळाकोट (शुक्रवार, दुपारी १.२०)

थोडक्यात लिहिते, कोर्टातून.

थप्पड मारणं हा गुन्हाच आहे, भारतीय न्याय संहिता कलम ११५(२). अदखलपात्र आहे, म्हणजे ठाण्यात गेलात तर एनसी होईल, लगेच अटक वगैरे काही नाही. पण एनसीची नोंद राहते, आणि पुढच्या वेळी तीच कामाला येते. तक्रार द्यायची की नाही हे त्या मुलानं ठरवायचं, तुम्ही किंवा मालकांनी नाही. तो १९ चा आहे, सज्ञान आहे.

आज करायचं काम एकच. बारमध्ये कॅमेरा असणार. डीव्हीआरवर जुनं रेकॉर्डिंग पुसून नवीन चढत राहतं. मंगळवारचं फुटेज आजच्या आज काढून घ्या. बाकी चर्चा नंतर.

---

स्पष्टवक्ता (शुक्रवार, दुपारी २.००)

मी थपडेचं समर्थन केलेलं नाही. माझा मुद्दा दरांचा होता.

---

रातपाळी_कॅप्टन (रविवार, पहाटे ३.२५)

मंडळी, झालं ते लिहितो. झोप येत नाहीये तशीही.

शुक्रवारी पोराला सगळं सांगितलं. मालक काय म्हणाले तेही. शनिवारी सुट्टी घे म्हटलं. तर म्हणाला, "सुट्टीचा पगार कापतील का?" मी म्हटलं मी बघतो. म्हणाला, "मग येतो. पण वर जाणार नाय." एनसीचंही सांगितलं. त्यावर नुसतीच मान हलवली, हो का नाही ते कळलं नाही. मग मी त्याला तंदूरवर टाकला, वस्तादाच्या हाताखाली. वरचा हॉल मी घेतला.

साडेनऊला शेठ आले. पुतण्या आणि त्याचे मित्र, पंधरा-सोळा पोरं, सगळी विशी-एकविशीची. मोठी माणसं वेगळ्या टेबलांना. केक कापला, एकमेकांना फासला, माझ्या गालिच्याचं वाटोळं झालं. मग शेठनी मला बोलावलं, खांद्यावर हात टाकला. "कॅप्टन, पोरांना चार खंबे लाव." खंबा म्हणजे दारूची अख्खी बाटली.

आता महाराष्ट्रात दारूला वयाची २५ पूर्ण लागतात. माइल्ड बिअर आणि वाइनला २१. हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बघत नाही, म्हणजे बघत नव्हतं. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला ते गाडीचं झालं, दोन जीव गेले, गाडी चालवणारा अल्पवयीन होता आणि त्याला दारू देणाऱ्या ठिकाणांचे मालक-मॅनेजर आत गेले. तेव्हापासून आमच्या मालकांनी जिन्यात पाटी लावलीय. लीड्सच्या ताई, तुमचं वाचलं तेव्हा तीच पाटी डोळ्यासमोर आली.

मी म्हटलं, "शेठ, आधार कार्ड दाखवू दे सगळ्यांना. २१ झालेत त्यांना बिअर देतो. खंबा नाही मिळणार."

हॉल गप्प झाला. गाणं तेवढं चालू होतं. शेठ माझ्याकडे बघत राहिले. खरं सांगतो, माझा गाल गरम झाला, अजून काही झालेलं नसताना. "तुला माहितीय ना मी कोण आहे?" मी म्हटलं, "माहितीय म्हणून तर सांगतोय. पोरं गाडी घेऊन आलीत." शेठनी मालकांना फोन लावला. मालक खालीच होते, दोन-दोन पायऱ्या चढत वर आले. मला वाटलं संपलं. तर मालक म्हणाले, "शेठ, कॅप्टन बरोबर बोलतोय. लायसन्स जाईल माझं. यात मला ओढू नका." हात जोडून म्हणाले, पण म्हणाले.

शेठ हसले. एकदम मोकळे हसले, जसं काही गंमतच चालली होती. पोरांना सांगितलं, बिअर प्या रे, नाही त्यांनी थम्सअप. जेवण झालं, बिल झालं, कुठं वाद नाही. सतरा हजार चारशे. रिपीट म्हटलं की मी प्रत्येक वेळी विचारत होतो, "कोणाकोणाचं?" आणि एकेकाचं बोट मोजून लिहीत होतो. एक जण वैतागला. पण बिलाला कोणी तोंड उघडलं नाही. आता पोरांना हेच शिकवणार, माझंच शिकवणं चुकलं होतं त्यात.

निघताना शेठनी जिन्यात थांबून विचारलं, "ते पोरगं कुठाय?" म्हटलं तंदूरवर आहे. खिशातून पाचशेची नोट काढली, माझ्या खिशात खुपसली. "दे त्याला." माफीचं एक अक्षर नाही, या बाजूनं नाही आणि त्या बाजूनंही नाही.

मला वाटलं पोरगं घेणार नाही. मी तयारीच केली होती, की नाही म्हणाला तर टिपच्या डब्यात टाकू. पोरानं हात पुसले आणि नोट घेतली. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "काय? पाचशे आहेत की." आणि रोट्या लावायला वळला.

मालक गल्ल्यावर हिशेब करत होते. मी म्हटलं, मालक, लायसन्सचं आलं तेव्हा तुम्ही दोन पायऱ्या एकदम चढून आलात. त्यांनी वर बघितलं नाही. म्हटलं, प्लेटचे १४०? म्हणाले, "उद्या बघू." वही बंद केली.

उद्या म्हणजे आज. विचारणार आहे परत. @गल्ल्यावरचा, तुमची ब्रेकेजची युक्तीही सांगणार आहे, पण सकाळी, चहा झाल्यावर. रात्री मालकांना आकडे आवडत नाहीत.

---

काळाकोट (रविवार, सकाळी १०.०५)

फुटेज?

---

रातपाळी_कॅप्टन (रविवार, सकाळी १०.३०)

शुक्रवारी रात्रीच काढलं ताई. पेन ड्राइव्ह पोराकडे दिलाय, त्याच्या पत्र्याच्या पेटीत आहे. पाचशेची नोटही त्याच पेटीत.